कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपील झालं, तर वकिलाचा खर्च कोणी सोसायचा?

अनुराधा_सोलापूर

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते, पण आता सल्ला हवा आहे.

माझी धाकटी बहीण सोलापुरात आमच्या आईवडिलांकडे राहते. तिच्या नवऱ्याने क्रूरतेचं कारण देऊन घटस्फोटाचा अर्ज केला होता. कौटुंबिक न्यायालयाने तो फेटाळला. आम्हाला वाटलं, सुटलो. निकाल वाचायला घेतला तर शेवटी एक ओळ होती, ‘खर्चाबाबत आदेश नाही’. म्हणजे ज्याचा खर्च त्याने सोसायचा. दावा चालू असताना कोर्टाने नवऱ्याला दावा खर्चापोटी एकरकमी १५,००० रुपये द्यायला सांगितलं होतं. प्रत्यक्षात वकिलांची फी, टायपिंग, नकला आणि साक्षीदारांचं येणं-जाणं धरून बाबांचे लाखाच्या वर गेले. त्यासाठी त्यांनी एक मुदत ठेव मोडली.

आता नवऱ्याने उच्च न्यायालयात अपील केलं आहे. नोटीस आली. नवीन वकील ७५,००० मागतायत, शिवाय तारखेला जायचे वेगळे. बहीण शिकवण्या घेते, तिच्या कमाईत हे बसणं शक्यच नाही.

माझे प्रश्न असे. ‘खर्चाबाबत आदेश नाही’ या ओळीविरुद्ध आपल्याला अपील करता येतं का? खालच्या कोर्टात खर्च मिळाला होता, तो अपिलासाठी पुन्हा मागता येतो का? आणि माझं म्हणणं असं की जो हरला आणि तरीही वर गेला, त्यानेच दोन्हीकडचा खर्च द्यावा. हे चूक आहे का?

मोगरा

वाचतेय. माझ्या मावसबहिणीचं अगदी हेच चाललंय, तिने तर हाय खाल्ली आहे.

वकीलीणबाई

अनुराधाताई, मी कौटुंबिक प्रकरणंच चालवते. तुमच्या प्रश्नांच्या क्रमानेच सांगते.

नुसत्या खर्चावर अपील होत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ चं तिसरं पोटकलम स्पष्ट आहे, केवळ खर्चाच्या मुद्द्यावर या कलमाखाली अपील नाही. तेव्हा त्या ओळीमागे लागू नका.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र हो. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये दोन गोष्टी मिळतात. प्रकरण चालू असेपर्यंतची पोटगी आणि प्रकरणाचा आवश्यक खर्च. अपील म्हणजे त्याच प्रकरणाचा पुढचा टप्पा, म्हणून कलम २४ चा नवा अर्ज थेट उच्च न्यायालयात करता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अशा अर्जाचा निकाल लावावा, असं २००१ च्या दुरुस्तीने कायद्यातच लिहिलंय. ‘शक्यतो’ हा शब्द आहे, त्यामुळे पाठपुरावा आपणच करायचा.

आता एक गोष्ट विचारते, कारण बहुतेकांच्या ती लक्षात येत नाही. बहिणीची अंतरिम पोटगी अजून चालू आहे का? कलम २४ ची पोटगी प्रकरणाबरोबर संपते. नवऱ्याचा अर्ज फेटाळला गेला त्या दिवशी ती थांबली असणार. आणि अर्ज फेटाळला गेला असेल तर कलम २५ ची कायमची पोटगीही मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली चांद धवन प्रकरणात तसं ठरवलंय. म्हणजे जिंकलेल्या बाईच्या हातात निकालानंतर एक रुपयाही येत नाही, अशी अवस्था होते. त्यासाठी वेगळा पोटगीचा अर्ज हवा. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४.

अनुराधा_सोलापूर

वकीलीणबाई, तुम्ही म्हणता तसंच झालंय. निकालानंतर त्याने पैसे पाठवणं बंद केलं. आम्ही समजत होतो की तो मुद्दाम करतोय.

पुणेरी_बाप

माझं मत वेगळं आहे आणि ते शांतपणे ऐकून घ्यावं ही विनंती.

> जो हरला आणि तरीही वर गेला, त्यानेच दोन्हीकडचा खर्च द्यावा

अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे. खालच्या कोर्टाची चूक होऊ शकते म्हणूनच वरचं कोर्ट असतं. दोघांचा खर्च द्यावा लागेल या धास्तीने माणूस अपीलच करेनासा झाला, तर चुकीचे निकाल तसेच राहतील.

माझ्या बाबतीत उलटं घडलं. मुलीला दर आठवड्याअखेर भेटण्याचा हुकूम मला मिळाला. बायकोने त्याविरुद्ध उच्च न्यायालय गाठलं. ती आयटीत, पगार माझ्या दुपटीहून जास्त. मी खाजगी शाळेत शिक्षक. तिच्याकडून मोठे वकील, माझ्याकडून पतसंस्थेचं कर्ज. ‘नवऱ्याने खर्च द्यावा’ हे सगळीकडे लागू केलंत तर माझ्यासारख्यांनी कुठे जायचं?

सातारी_तडका

सर, लेकीची भेट होते का आता?

पुणेरी_बाप

होते. दर शनिवारी. गेल्या आठवड्यात सारसबागेत नेलं होतं, भेळेवरून भांडली माझ्याशी. :)

वकीलीणबाई

पुणेरी_बाप, कलम २४ मध्ये पती किंवा पत्नी असं दोघांचंही नाव आहे. ज्याचं स्वतंत्र उत्पन्न स्वतःच्या निर्वाहाला आणि प्रकरणाच्या खर्चाला पुरत नाही, त्याने मागायचं. पुरुषांना ते क्वचित मिळतं, हेही खरं. कमावता येण्यासारखं असून कमवत नाही, असं दिसलं तर कोर्ट हात आखडता घेतं. पण तुमचा पगार आणि तिचा पगार यातली दरी कागदावर दाखवली असती तर अर्ज नक्कीच विचारात घेण्यासारखा होता. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर मात्र तिथल्या कलम ३६ मध्ये फक्त पत्नीलाच मागता येतं. ही विसंगती आहे आणि ती दूर व्हायला हवी असं मलाही वाटतं.

अपिलाचा हक्क आणि खर्च या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कलम २४ चा खर्च हरल्याबद्दलचा दंड नसतो. दोघांना बरोबरीने लढता यावं म्हणून तो सुरुवातीलाच द्यायचा असतो. हरलेल्याने द्यायचा खर्च तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ चा, शेवटी ठरणारा. आपल्याकडे नवरा-बायकोच्या प्रकरणात तो न्यायाधीश सहसा लावत नाहीत. आधीच नातं तुटलेलं, त्यात आणखी कडवटपणा नको, असा त्यामागे विचार असतो.

झणझणीत

कडवटपणा नको म्हणून बाईच्या बापाने ठेव मोडायची? हा विचार मला अजिबात पटत नाही. खोटे आरोप करून खटला चालवला असेल तर भरपाई म्हणून काय मिळतं तेही सांगा ना वकीलीणबाई. कलम ३५-अ, कमाल मर्यादा ३,००० रुपये! तीन हजारांत आज वकिलांच्या ऑफिसात नुसती फाइल उघडली जात नाही.

निवृत्त_शिरस्तेदार

नमस्कार. जिल्हा न्यायालयात आयुष्य गेलं, त्यामुळे खर्च नेमका कशावर होतो ते जरा तपशिलात सांगतो. लोक ‘वकिलांची फी’ एवढंच धरून चालतात.

हुकूमनाम्याच्या खाली खर्चाचा तक्ता असतो. तो कधी पाहिलाय का? वादी आणि प्रतिवादी असे दोन रकाने. अर्जावरचं मुद्रांक, वकीलपत्राचं तिकीट, समन्सचा खर्च, साक्षीदाराचा भत्ता, नियमाप्रमाणे वकील फी. मी असे तक्ते ढिगाने तयार केलेत. ‘खर्चासह मंजूर’ असा हुकूम झाला तरी बेरीज काही शे किंवा हजार-दोन हजारांवर यायची, कारण नियमातली वकील फी आणि खऱ्या फीचा काही मेळच नाही. जिंकलेला पक्षकार तो तक्ता बघायचा, पुन्हा बघायचा, आणि विचारायचा, ‘साहेब, एक शून्य राहिलंय का?’ अनुराधाताई, तुमच्या निकालात खर्चाचा हुकूम झाला असता तरी त्या ठेवीची भरपाई झाली नसती. म्हणून शेवटच्या ओळीपेक्षा सुरुवातीच्या अर्जावर जोर द्या.

आता अपिलाचा खर्च. अपील दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठापुढे चालतं, कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४, कलम १९. त्यांच्यापुढे सगळं रेकॉर्ड पेपर बुक करून ठेवावं लागतं. अर्ज, कैफियत म्हणजे त्यावरचं लेखी उत्तर, मुद्दे, सरतपासणीची शपथपत्रं, उलटतपासणी, निशाण्या म्हणजे पुराव्यात दाखल झालेले कागद, निकाल. आमच्याकडे उलटतपासणी मराठीत नोंदलेली असते, व्हॉट्सॲपवरचे निरोप मराठीत, नातेवाइकांची पत्रं मराठीत. उच्च न्यायालयात इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते पानावर मोजलं जातं. जुन्या निशाणीची झेरॉक्स फिकट असेल तर पुन्हा टायपिंग. अनुक्रमणिका, पानांना क्रमांक, प्रती, बाइंडिंग. उलटतपासणी लांबलेली असेल तर या एका बाबीचेच हजारो रुपये होतात.

हे सगळं अपील करणाऱ्याने तयार करायचं असतं, म्हणजे इथे नवऱ्याने. तुमच्या वकिलांनी पेपर बुकाचे वेगळे मागितले तर कशाचे ते विचारा. आपल्या बाजूचं काही राहिलं असेल तर तेवढ्याच पानांचे द्या.

अनुराधा_सोलापूर

काका, फार उपकार झाले. ७५,००० मध्ये ‘पेपर बुक व किरकोळ’ असे १८,००० धरलेत! उद्याच विचारते.

गोदाकाठची

अनुराधा, माझाही अनुभव सांगते, उपयोगी पडेल. आमच्या वकिलांनी अपिलासाठी फी ठरवताना म्हटलं, ‘आत्ता काही देऊ नका, एकरकमी पोटगी मिळाली की त्यातले वीस टक्के द्या.’ आईला वाटलं देवमाणूस भेटला. भाऊ म्हणाला नको. पुढे त्यावरून वाजलं, आम्ही दुसरे वकील बघितले, तर पहिले फाइल आणि ना-हरकत दोन्ही देईनात.

वकीलीणबाई

गोदाकाठची, तुमच्या भावाने योग्य केलं. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे. आणि फी बाकी आहे म्हणून पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलंय. फी बाकी असेल तर ती मागायचे दुसरे मार्ग आहेत. फाइल लेखी मागा, पोच घ्या. तरीही दिली नाही तर राज्य बार कौन्सिलकडे तक्रार करता येते.

वकिलाचा_भाऊ

इथे वकिलांना झोडपणं चाललंय म्हणून लिहितो. माझी बहीण याच कामात आहे. कौटुंबिक प्रकरणातला पक्षकार रात्री अकराला फोन करतो, रडतो, तासभर बोलतो. त्याची फी कोणी देत नाही. अपील बोर्डावर येतं, पुकारा होत नाही, दिवस गेला. बहुतेक जण प्रामाणिकपणे काम करतात हो.

गोदाकाठची

मान्य. आमचे दुसरे वकील सोन्यासारखे होते. फी हप्त्यांनी घेतली आणि प्रत्येक हप्त्याची पावती दिली.

रंकाळ्याचा_राजू

ताई, अपील कुठं लागलंय, मुंबईला की कोल्हापूरला? १८ ऑगस्ट २०२५ पासनं उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात. इथल्या वकिलांनी त्यासाठी चाळीसएक वर्षं लढा दिलाय. आमच्याकडच्या बाईमाणसाला आता एका तारखेसाठी मुंबईत लॉज बघायला लागत न्हाई, ही लई मोठी गोष्ट हाय.

अनुराधा_सोलापूर

हो, कोल्हापूरलाच.

सिद्धेश्वरभक्त

राजूभाऊ, कोल्हापूरकरांचा आनंद समजू शकतो, पण सोलापूरकराला विचारा. मुंबईला रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली की सकाळी सीएसएमटीला उतरून चालत कोर्टात. कोल्हापूरला पंढरपूर-सांगलीकडून एसटीने अंग मोडून घ्यायचं.

रंकाळ्याचा_राजू

या की एकदा, तांबडा-पांढरा खाऊ घालतो, अंग सरळ हुतंय का न्हाई बघा.

मोगरा

अहो, धागा कुठे चाललाय! अनुराधाताई मूळ प्रश्नाच्या उत्तरासाठी थांबल्यात.

वैदर्भी

मूळ मुद्द्यावर येते. खर्च मागताना सगळ्यात आडवं काय येतं, तर ‘माझा पगारच एवढा’ हे उत्तर. व्यवसाय असेल तर विचारूच नका, दाव्याच्या आदल्या वर्षापर्यंत भरभराट आणि दावा लागला की तोटा.

यावरचा महत्त्वाचा निकाल आमच्या नागपूरच्या प्रकरणातून आलेला आहे. रजनेश विरुद्ध नेहा, सर्वोच्च न्यायालय, ४ नोव्हेंबर २०२०. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने बायकोला दरमहा १५,००० अंतरिम पोटगी दिली होती, सप्टेंबर २०१३ पासूनची. नवरा उच्च न्यायालयात हरला, सर्वोच्च न्यायालयात गेला. म्हणजे अंतरिम, तात्पुरत्या रकमेवर सात वर्षं! त्या निकालाने देशभरासाठी नियम घालून दिला की पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची, हेही त्यातच.

तो नमुना नीट भरला ना, तर निम्मं भांडण तिथेच मिटतं. गुंतवणुका, कर्जाचे हप्ते, गाडी, विमा, घरभाडं, सगळं त्यात विचारलेलं आहे. नवरा ज्या बँकेतून हप्ते भरतो ती माहिती बायकोकडे असते, ती लिहा. माझ्या नणंदेने नवऱ्याच्या गृहकर्जाच्या हप्त्याचा आकडा दाखवला. हप्ता त्याने सांगितलेल्या पगारापेक्षा जास्त होता. त्यानंतर फार वाद घालावा लागला नाही.

झणझणीत

जबरदस्त! नणंदबाईंना सलाम सांगा.

थेम्सकाठचा_मराठी

मी इंग्लंडमध्ये असतो, माझं स्वतःचं प्रकरण इथेच झालं, म्हणून तुलनेसाठी. इथेही घटस्फोटानंतरच्या आर्थिक वाटपात साधारणपणे ज्याचा खर्च त्याने सोसायचा. पण १९७३ च्या मॅट्रिमोनियल कॉजेस ॲक्टमध्ये २२ झेडए नावाचं कलम घातलं गेलं, २०१३ पासून लागू. त्याखाली कोर्ट एका जोडीदाराला सांगू शकतं की दुसऱ्याच्या वकिलाच्या फीसाठी अमुक रक्कम आधी दे. अट अशी की मागणाऱ्याला वाजवी प्रयत्न करूनही कर्ज मिळत नाही आणि मिळणाऱ्या मालमत्तेवर बोजा ठेवूनही वकील मिळत नाही, हे दाखवावं लागतं. इथे लोक फीचे अंदाजपत्रक टप्प्याटप्प्याने मांडतात. आतापर्यंत किती झाले, पुढच्या तारखेपर्यंत किती लागतील, अंतिम सुनावणीला किती.

मुलांच्या ताब्याबद्दलच्या प्रकरणात मात्र हरलेल्या आईवर किंवा बापावर खर्च सहसा लावत नाहीत, अपिलातसुद्धा. वागणं निंद्य किंवा भूमिका अवाजवी असेल तरच. पालकाने मुलासाठी कोर्टात यायला घाबरू नये, हा हेतू. पुणेरी_बाप यांचा मुद्दा तिथे बसतो.

पुणेरी_बाप

अगदी हेच म्हणायचं होतं मला. अपिलाला घाबरवू नका, पण दुबळ्याला आधी पैसे द्या. असं असेल तर माझी हरकत नाही.

समजुतीचा_घोटाळा

सगळे कायदे सांगतायत. एक साधं बोलू का? कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात बसा, एकरकमी घ्या आणि मोकळ्या व्हा. अपील चालणार वर्षानुवर्षं. तिचं वय जातंय.

अनुराधा_सोलापूर

राग मानू नका, पण हे वाक्य आम्ही घरात, लग्नकार्यात, बसस्टॉपवर ऐकलंय. बहिणीला घटस्फोट द्यायचाच नाही असं नाही. तिला तिच्यावर लिहिलेले आरोप पुसून हवेत, आणि रक्कम घाबरून नव्हे तर बरोबरीने बसून ठरवायची आहे. वकील परवडत नाही म्हणून जी सही होते तिला समजूत कसं म्हणायचं?

झणझणीत

+१००

वकीलीणबाई

समजुतीचा_घोटाळा, मध्यस्थी चांगलीच. मी स्वतः पक्षकारांना पाठवते. पण संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर पुढे अपील नाही, कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ मध्येच लिहिलंय. म्हणून तिथे बसताना जवळ सल्ला देणारं माणूस हवंच.

अनुराधाताई, पैशांची सोय होईपर्यंत दोन दारं लगेच ठोठवा. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्नाची अट नाही. सोलापूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या, उच्च न्यायालयातल्या कामासाठी तो पुढे पाठवला जातो. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. दुसरं, महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने स्त्रियांना पोटगी, घटस्फोट, मालमत्ता आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. तुमच्याकडून कोणी ‘कोर्ट फी’ म्हणून रक्कम मागत असेल तर विचारा कसली.

मोगरा

मोफत मिळणारे वकील लक्ष देतात का पण?

निवृत्त_शिरस्तेदार

देणारे देतात, न देणारे देत नाहीत, फी घेणाऱ्यांत असतं तसंच. काम होत नसेल तर प्राधिकरणाकडे लेखी कळवून वकील बदलून मागता येतो. गप्प बसू नये एवढंच. त्यांचं मानधन प्राधिकरण देतं, पक्षकाराने वरून एक पैसा द्यायचा नसतो.

सातारी_तडका

माझ्या वहिनींनी अपिलात स्वतःच बोलायचं ठरवलं होतं. खालच्या कोर्टात चाललं, कारण तिथे वकील हा हक्क नाहीच म्हणे. वर काय?

वकीलीणबाई

कौटुंबिक न्यायालयात कलम १३ मुळे वकील हक्क म्हणून नाही, परवानगीने. उच्च न्यायालयात ते कलम लागू नाही. स्वतः बाजू मांडायची असेल तर आधी रजिस्ट्रीतल्या समितीपुढे जावं लागतं. अशक्य नाही, पण अंतिम सुनावणीला मी कुणाला तो सल्ला देणार नाही.

नवी_मेंबर_लातूर

प्रश्न थोडा वेगळा. अपील आम्हालाच करायचंय. मुदत ३० दिवस की ९०? एक वकील असं म्हणतात, दुसरे तसं.

वकीलीणबाई

कौटुंबिक न्यायालय कायद्यात ३० दिवस आहेत, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्ये २००३ च्या दुरुस्तीनंतर ९०. हिंदू विवाह कायद्याखालच्या हुकूमनाम्याला ९० धरायचे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवलंय. नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात. तरी तिसाच्या आत करा, कशाला जोखीम. आणि घटस्फोट झाला असेल तर हुकूमनाम्याची एक प्रत दोघांना विनामूल्य द्यायची असते, हिंदू विवाह कायद्याचं कलम २३(४). ती मागून घ्या.

अनुराधा_सोलापूर

धागा वर काढतेय. बरेच महिने झाले, पण तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

आम्ही विधी सेवेतून वकील घेतल्या. तरुण आहेत, पण फाइल अक्षरशः पाठ करून आल्या. त्यांनीच कलम २४ चा अर्ज केला. थेम्सकाठच्या दादांचं वाचून मी खर्चाचं पत्रक टप्प्यांनी तयार केलं होतं. भाषांतर किती पानं, प्रवास कुठून कुठे, सोबतीला आई येणार तिचं तिकीट, मुक्काम. बाबांनी जपून ठेवलेल्या पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. वकिलांनी ते पत्रक थोडं छाटून अर्जाला जोडलं. वैदर्भीताई, शपथपत्रातही तुमचं ऐकलं, त्याच्या पुण्यातल्या दुसऱ्या फ्लॅटचं भाडं लिहिलं. त्याने ते लपवलं होतं.

सुनावणीला त्याच्या बाजूने म्हणणं आलं, ‘हिला मोफत वकील मिळालाय, मग खर्च कसला?’ आमच्या वकील म्हणाल्या, मोफत वकील म्हणजे मोफत एसटी नव्हे, मोफत भाषांतर नव्हे. कोर्टाने पत्रक स्वतः पाहिलं. एकरकमी ३०,००० आणि अपील चालू असेपर्यंत दरमहा पोटगी असा हुकूम झाला. पोटगी अर्जाच्या तारखेपासून. खर्चाची रक्कम भरल्यावर अपील पुढे घेऊ, असंही सांगितलं. १४४ चा वेगळा अर्जही सोलापुरात लावलाय.

झणझणीत

वा वा वा! बाबांना माझा नमस्कार सांगा. पावत्या जपणारे बाप सगळ्यांना मिळोत.

पुणेरी_बाप

मनापासून अभिनंदन. मी माझ्या वकिलांना २४ बद्दल विचारलं. माझ्याविरुद्धचं अपील अजून बाकी आहे, त्यामुळे अर्ज करायचं ठरवलंय. खर्चाचं ते पत्रक, नावं काढून, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

अनुराधा_सोलापूर

आजच करते सर.

निवृत्त_शिरस्तेदार

शाबास पोरी. रक्कम बँकेतून बहिणीच्या खात्यावरच घ्या. रोख घेऊ नका, आणि ‘मिळाले’ अशी पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन, सगळे पैसे आल्याशिवाय देऊ नका.

अनुराधा_सोलापूर

काका, ३०,००० आले. पोटगीचा पहिला महिना आला, दुसरा आलेला नाही. म्हणतो, पुढच्या तारखेला बघू.

वकीलीणबाई

पुढच्या तारखेची वाट बघू नका. थकबाकीचा तक्ता करून आत्ताच अर्ज द्या, की पोटगी भरेपर्यंत अपील ऐकू नये आणि तरीही भरली नाही तर ते फेटाळावं. अपील त्याचं आहे, घाई त्याला आहे. सोबत बँकेचा उतारा जोडा, महिना कोरा दिसेल असा.